एका पिशवीतले दोन पासपोर्ट

अमेरिकेहून आल्यापासून गिरणीत दळण घेऊन येणारा जो तो मला दोनच गोष्टी विचारतो. अमेरिका कशी आहे, आणि आप्पा, तुम्ही तिकडंच का राहिला नाही. गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतं, आणि यातली दुसरी गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहून काढली. सातवी शिकलेल्या माणसानं लिहिलंय, त्या मापानं घ्या.

फलटणला माझी पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच. एकुलता एक मुलगा विजय अमेरिकेत शिकागोजवळ नेपरव्हिल नावाच्या गावात राहतो. कंप्युटरची नोकरी आहे. सून स्मिता नागपूरची, तीही नोकरी करते. नात ईरा दहा वर्षांची. आणि माझी बायको शालन. ती गेली. या मार्गशीर्षात तिला वर्ष झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी तिची वाट बघत बसायला नको.

मुंबई

प्रवास विमानात बसल्यावर सुरू होतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेचा प्रवास मुंबईत व्हिसाच्या रांगेत सुरू होतो, आणि त्या रांगेत शालन माझ्याबरोबर होती. म्हणून तो भाग मी गाळणार नाही.

नुसतं फिरायला, लेकाला भेटायला जायचं तर पर्यटकाचा व्हिसा लागतो. त्यासाठी दोनदा हजर व्हावं लागतं. एकदा फोटो आणि बोटांच्या ठशांसाठी, आणि मग साहेबापुढं. ठशांच्या काचेवर मी बोटं ठेवली तर काहीच उमटेना. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना टाकी लावावी लागते. आयुष्यभर ते केलं. दगडांनी माझ्या बोटांवरच्या रेघा खाऊन टाकल्यात. तिथली मुलगी म्हणाली, "काका, जोरात दाबा." दाबलं. "पुसून ठेवा." पुसून ठेवली. मागं रांग खोळंबली.

पाठीमागून शालन म्हणाली, "अहो, बोटं नाकाला घासा. नाकाला तेल असतं."

"गप बस," मी म्हणालो. "चारचौघांत नाक काय घासायला लावतेस?"

"आधार कार्डाच्या वेळी मी असंच केलं होतं. घासा मुकाट."

घासलं. ठसा आला. ती मुलगी हसली, पहारेकरी हसला, आणि शालननं माझ्याकडं असं बघितलं की आठवडाभर मला घरात ते ऐकावं लागणार हे मी ओळखलं.

साहेबापुढं जाताना मी जाडजूड फाइल नेली होती. सातबारा, गिरणीचं लायसन, घरपट्टीच्या पावत्या, विजयनं पाठवलेले कागद. लोकांनी सांगितलं होतं, तुम्ही परत येणार याची त्यांना खात्री पटवावी लागते. काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं फाइलीकडं बघितलंसुद्धा नाही. तो इंग्रजीत विचारायचा आणि शेजारची बाई मराठीत सांगायची. शेवटी तिनं विचारलं, "मुलाकडे कायमचं राहायचा विचार आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत शालन बोलली. "छे हो! लेकाच्या घरी पाव्हणं म्हणूनच जावं. आणि आम्ही दोघं तिकडं जाऊन बसलो तर फलटणच्या लोकांनी दळण कुठं टाकायचं?"

बाईनं हे इंग्रजीत सांगितलं. साहेब मोठ्यानं हसला. दोघांनाही दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. ज्यांना जायचंय त्यांना माझं सांगणं एवढंच की फाइल न्या, पण बोलणारी बायको असेल तर तिला पुढं करा.

पासपोर्ट घरी आले तेव्हा शालननं ब्लाउजच्या उरलेल्या खणाची एक पिशवी शिवली, गळ्यात अडकवायला नाडी लावून. दोन्ही पासपोर्ट तिच्यात घातले. म्हणाली, "एकाच पिशवीत असू देत. म्हणजे एक विसरून दुसरा यायला नको."

उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. मार्गशीर्षात एका सकाळी दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून मी गिरणीतून आत आलो. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. गॅस चालू होता. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

विजय त्याच्या थोडंच आधी अमेरिकेचा नागरिक झाला होता. तिकडचा नागरिक झालं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो आणि भारतात यायला वेगळं कार्ड काढावं लागतं. ते कार्ड अजून आलं नव्हतं. म्हणजे ज्याची नाळ फलटणच्या सरकारी दवाखान्यात पडली, त्याला फलटणला यायला व्हिसा मागावा लागला. मधे सुट्ट्या आल्या, मग विमान मिळेना. अग्नी माझ्या पुतण्यानं दिला, दहावाही त्यानंच केला. विजय तेराव्याला पोचला. आला तो बॅग न ठेवता सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्या भिंतीपाशी उभा राहिला.  

शिकागोचं विमानतळ

तिच्यामागं कुठं जायची इच्छा नव्हती. पण विजयचा रोज फोन. शेवटी श्रावणात निघालो. पायानं मी धडधाकट आहे, तरी स्मितानं चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मला राग आला. फोनवर म्हणाली, "आप्पा, पायांसाठी नाही. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला चुकू देत नाही." खरं होतं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी लाज न धरता खुर्चीत बसावं. विमानातल्या जेवणाचं विचारू नका. पोळीसारखं काहीतरी होतं, ती पोळी नव्हती.

उतरल्यावर रांग. व्हिसा हातात असला म्हणजे आत जायला मिळालं असं नाही. दारात पुन्हा एक साहेब बसलेला असतो, आणि किती दिवस राहू द्यायचं ते तो ठरवतो. माझा साहेब आडदांड होता, हात कोपरापर्यंत गोंदलेले. मी गळ्यातली पिशवी काढली आणि त्याच्यापुढं रिकामी केली. दोन्ही पासपोर्ट त्याच्यासमोर पडले. वरचा तिचा होता.

त्यानं उघडला. फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं. काहीतरी विचारलं. मला कळेना. मग त्यानं फोन लावला आणि फोनमधून एक बाई मराठीत बोलायला लागली. कुठं बसली होती कोण जाणे, पण आवाज आपल्याकडचा.

"काका, साहेब विचारतात, या बाई कुठे आहेत?"

"त्या वारल्या."

बाईनं ते साहेबाला सांगितलं. मग, "मग त्यांचा पासपोर्ट तुम्ही का आणलात?"

"एकाच पिशवीत होते," मी म्हणालो.

याच्यावर दुसरं काही सांगता येईना. कारण खरंच दुसरं काही नव्हतं. घरातून निघताना पिशवी खुंटीवरची काढली आणि गळ्यात घातली. आत एक आहे का दोन, हे मी बघितलंच नाही. तिचा काढून ठेवायचा असतो हे डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी मी काढला असता का, सांगता येत नाही.

मग ठसे. काचेवर बोटं ठेवली, उमटेनात. मी बोटं नाकाला घासली. आडदांड साहेब हसला, पण बोटं आली. मग त्यानं विचारलं, किती दिवस राहणार.

मी फोनला म्हणालो, "सांगा त्यांना, मार्गशीर्षात बायकोचं वर्षश्राद्ध आहे. त्याच्या आत मी परत जाणार." वर्षश्राद्ध म्हणजे काय हे सांगताना त्या बाईला बराच वेळ लागला. साहेब ऐकत होता. त्यानं सहा महिने दिले. मग शालनचा पासपोर्ट मिटला, माझ्या पासपोर्टावर नीट ठेवला आणि दोन्ही माझ्या हातात दिले. "सॉरी" म्हणाला. तेवढं मला कळलं.

नेपरव्हिल

गाव म्हणजे झाडं, गवत आणि त्यात लपलेली घरं. माणसांपेक्षा खारी जास्त. रस्त्यानं चालणारा एखादा दिसला की तो लांबूनच हात वर करतो, ओळख नसली तरी. आपल्याकडं ओळख असली तरी लोक मान वळवतात. कुंपण नाही, तरी कुणी कुणाच्या अंगणात पाय टाकत नाही. विजय मला गावाबाहेर गाडीतून घेऊन गेला. नजर पोचेल तिथपर्यंत मका. मी विचारलं, "एवढा मका खातं कोण?"

"खात नाहीत फारसा, आप्पा. डुकरांना घालतात, आणि बराचसा गाडीत."

"गाडीत भरून कुठं नेतात?"

"नाही हो. तेल करून गाडीच्या टाकीत घालतात."

मी त्या मक्याकडं बघत राहिलो. गिरणीवाल्याला हे पचायला वेळ लागतो.

ज्वारीचं पीठ दुकानातून पिशवीत येतं. कुठं दळलंय, कधी दळलंय, पत्ता नाही. स्मिताची भाकरी थापताना फुटायची. म्हणालो, सर बाजूला, मी दाखवतो. माझीही फुटली. ईरा टाळ्या वाजवून म्हणाली, "आजोबा, युअर्स इज वर्स!" मग तिघांनी मिळून उकड काढून केली तेव्हा कुठं जमलं. ती भाकरी आणि स्मिताचा नागपुरी झणझणीत पाटवडीचा रस्सा. शालन गेल्यापासून मी पहिल्यांदा भूक लागली म्हणून जेवलो.

दसरा झाला आणि विजयनं विषय काढला. "आप्पा, तुमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज टाकू या." ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. मुलगा तिकडचा नागरिक असला की आईबापासाठी मागता येतं, आणि तिथं असतानाच अर्ज देता येतो. वकीलबाई कंप्युटरवर दिसल्या. गुजराती, बोलायला गोड. हिंदीत म्हणाल्या, "अंकल, एक बात ध्यान में रखिए. अर्जी डालने के बाद, परमिशन आने तक, देश से बाहर नहीं जाना है. गए तो अर्जी खतम."

"परमिशन कब आएगा?"

"कुछ महीने. कह नहीं सकते."

मी विजयकडं बघितलं. "आणि मार्गशीर्ष?"

"इथं करू या ना, आप्पा. मंदिर आहे, गुरुजी आहेत, सगळं साग्रसंगीत करतात."

मी वकीलबाईंना सांगितलं, की विमानतळावर मी साहेबाला परत जाणार म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, तेव्हा तुमच्या मनात जे होतं ते तुम्ही खरं सांगितलं. नंतर मन बदललं तर कायदा ते समजून घेतो. स्मिता उठली आणि भांडी आवरायला निघून गेली.

आता खरं सांगतो. मला राहावंसं वाटत होतं. फलटणला संध्याकाळी गिरणी बंद झाली की घरात आवाज होतो तो फक्त माझाच. वाटी ठेवली तरी दचकायला होतं. इथं ईरा शाळेतून आली की दप्तर फेकून माझ्या शेजारी येऊन बसायची. विजय उशिरा आला तरी "आप्पा जेवले का?" हा पहिला प्रश्न. कुणालाही विचारा, म्हातारपणी आणखी काय पाहिजे? सही करायला मी तयार झालो होतो. फक्त त्या कागदाकडं हात जात नव्हता.

दिवाळी आली. वर्षाच्या आतली पहिली, त्यामुळं घरात तळण नाही, कंदील नाही. विजयला वाटलं, इथं कोण पाळतंय. पण स्मितानंच नको म्हटलं. आणि बघा, सकाळपासून आजूबाजूची मराठी माणसं डबे घेऊन यायला लागली. कुणी पुण्याची, कुणी नांदेडची. चकली, चिवडा, करंज्या. एक पोरगी म्हणाली, "काका, तुमच्याकडे यंदा करत नाहीत ना, म्हणून आणलं." दुःखाच्या घरी फराळ दुसऱ्यानं पोचवायचा, ही रीत इतक्या लांब आली होती, विमानात बसून. मी आत जाऊन तोंड धुतलं.

मग बर्फ पडला. दुपारी घरात मी एकटाच. बघायला म्हणून बंडीवर, चपला घालून बाहेर गेलो आणि मागं दार लागलं. आतून कुलूप. गॅरेजच्या दाराला आकडे दाबायचे असतात, ते मला पाठ होईनात म्हणून ईरानं गाणं करून दिलं होतं. थंडीत गाणं विसरलो. उभा राहून थरथरतोय, तर शेजारचा म्हातारा फावडं घेऊन बर्फ ओढत होता. उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा. काही न विचारता दंडाला धरून मला आत घेऊन गेला. दारामागच्या खुंटीवरचा एक कोट काढून माझ्या अंगावर घातला. जांभळा, गळ्याला मऊ लोकर. बाईचा कोट. मग कॉफी दिली. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. त्याला माझं कळत नव्हतं, मला त्याचं. घड्याळ वाजत होतं.

स्मिता आणि ईरा मला शोधत आल्या. "आप्पा, काहून बाहेर गेले हो तुम्ही असे? जीव गेला ना माझा!" स्मिता रडायलाच लागली. ईरा त्या म्हाताऱ्याशी बोलली आणि मला म्हणाली, "आजोबा, हा कोट मिस्टर वॉल्टच्या वाइफचा आहे. शी डाइड. बट ही नेव्हर मूव्ह्ड इट."

"त्याची मुलं कुठं असतात?"

तिनं विचारलं. "जवळच. टू अवर्स ड्राइव्ह. थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतात." मग थांबून म्हणाली, "ही इज आस्किंग, तुम्ही इथं फॉर एव्हर राहणार का?"

म्हातारा माझ्याकडं बघत होता. मी कोट काढून खुंटीवर होता तसा लावला.  याच्या पोरांना इथं यायला व्हिसा लागत नाही. तरी टेबलाशी तो एकटाच.

डॉक्टरकडं

अर्जाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तोही सरकारनं ठरवून दिलेल्या डॉक्टरचा. रक्त काढलं, छाती ऐकली, लशी टोचल्या. लहानपणच्या लशींचे कागद आहेत का विचारलं. आमच्या लहानपणी कागद कसले? मी बाही वर करून दंडावरची देवीची खूण दाखवली. डॉक्टरीण तरुण पोरगी होती. तिनं तसली खूण पहिल्यांदाच बघितली असावी. बोट फिरवून बघितलं.

बाहेर आलो. गाडीत बसलो. विजय म्हणाला, "आज सही करा आप्पा, उद्या पाठवून देतो."

"एवढी घाई कसली?"

त्यानं गाडी चालू केली आणि परत बंद केली. पुढच्या काचेवर बर्फ साठायला लागला. म्हणाला, "आप्पा, मी सिटिझन का झालो, तुम्हाला माहिताय?"

"नोकरीसाठी."

"नोकरी ग्रीन कार्डावर चालली असती. सिटिझन झाल्याशिवाय आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. तुम्हा दोघांना आणायचं होतं म्हणून झालो." त्याचे हात स्टिअरिंगवर होते. "नसतो झालो, तर आपलाच पासपोर्ट घेऊन तासाभरात निघालो असतो. आईचं तोंड तरी बघितलं असतं."

मला हे माहीत नव्हतं. आम्हाला आणायला पोरगं तिकडचं झालं, आणि तिकडचं झालं म्हणून आईला पोचलं नाही. हे ओझं घेऊन त्यानं सगळं वर्ष काढलं, आणि मी समजत होतो की गप्प राहतोय म्हणजे सावरलाय.

"तुमच्या वेळी मला व्हिसा मागत बसायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही इथं, माझ्या घरात पाहिजेत मला. बस."

माझ्या मरणाचं माझ्या तोंडावर इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मला बरं वाटलं. पोरगं माझंच.

मी विचारलं, "तुझं ते भारतात यायचं कार्ड आलं का?"

"ती गेल्यावर आलं. ड्रॉवरमध्ये पडलंय."

"म्हणजे आता फलटणला यायला तुला कुणाला विचारावं लागत नाही?"

"नाही."

"मग तू चल. दहावा तुझ्या चुलतभावानं केला, चांगला केला, तो काही परका नाही. पण तुझ्या हातचं पाणी तिला अजून मिळालं नाही. वर्षश्राद्ध तू कर. तिच्या घरात बसून कर. तिच्या वेळी पोचला नाहीस, म्हणून मला इथं आणून ठेवशील, तर तिच्यापाशी पोचायचं बाकीच राहील."

तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. तेराव्याला रडला नव्हता तो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. शेजारच्या गाडीतल्या बाईनं बघितलं आणि तोंड फिरवलं. तिथले लोक या बाबतीत चांगले आहेत.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. "आणि तुमचं कार्ड?"

"मी साहेबाला जाणार म्हणून सांगून आत आलोय."

"आप्पा, वकील म्हणाल्या ना, कायद्याला चालतं."

"कायद्याला चालतं. मला चालत नाही. तुझ्या आईनं पाव्हणं म्हणून व्हिसा मागितलाय. पाव्हणा म्हणून आलो, पाव्हणा म्हणून जातो. पुढं कधी राहायचं झालं, तर मुंबईच्या साहेबाकडं तसं सांगून मागू."

"मागाल?"

"ते तेव्हा बघू," मी म्हणालो. आणि खरंच, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी आणि विजय निघालो तेव्हा ईरा दारात रुसून उभी होती. म्हणाली, "यू सेड यू लाइक इट हिअर." म्हणालो, आवडतं बाळा, म्हणून तर दहा वर्षांचा व्हिसा घेतलाय. पलीकडं मिस्टर वॉल्ट फावडं टेकवून उभा होता. त्यानं हात वर केला. मीही केला.

पुन्हा मुंबई

मुंबईला उतरलो तेव्हा पहाटेचा गारवा होता. विजय आणि मी बोलत बोलत चाललो होतो, तर पुढं रांगा वेगळ्या झाल्या. भारताच्या पासपोर्टवाले इकडं, बाकीचे तिकडं. तो तिकडं गेला. मी माझ्या रांगेत उभा राहिलो. मधे दोरी. चुलीपुढं बसून भाकरी खाल्लेलं माझं पोरगं दोरीच्या पलीकडं, परदेशी माणसांच्यात, कार्ड हातात धरून उभं होतं. शिकागोला मी असाच उभा राहिलो असणार.

या वेळी पिशवीतून मी माझा एकच पासपोर्ट काढला. शिक्का बसला, मी बाहेर आलो आणि थांबलो. विजयच्या रांगेला वेळ लागला. काचेपलीकडच्या साहेबानं त्याला काहीतरी विचारलं, तो काहीतरी बोलला. साहेबानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग हातानं जा म्हणून खूण केली.

"काय विचारत होता?" मी म्हणालो.

"किती दिवस राहणार, म्हणाला."

"मग?"

"आईचं वर्षश्राद्ध आहे म्हटलं. तेवढ्यासाठी आलोय."

आम्ही बॅगांकडं चाललो. तो त्याचा निळा पासपोर्ट कुठं ठेवावा म्हणून खिसे चाचपत होता. एका खिशात फोन, दुसऱ्यात कार्ड. मी गळ्यातली पिशवी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं आत बघितलं. तिचा पासपोर्ट होता, माझा होता. त्यानं त्याचा मधे सरकवला.

पिशवी जरा फुगली, पण मावला. शालननं ती सैलच शिवली होती.